आखेनबाख लक्षणसमूह

हाताच्या व क्वचित पायाच्या बोटात उघड कारण नसताना एकाएकी वेदना होऊन त्वचेखाली रक्तस्राव होणे, बोट सुजून निळे-जांभळे पडणे आणि काही दिवसांत खास उपचारांवाचून ते पूर्ववत होणे, अशी लक्षणे असलेल्या निरुपद्रवी विकाराला ‘आखेनबाख लक्षणसमूह’ म्हणतात. ‘आकस्मिक अंगुलिरक्तस्राव’ या वर्णनात्मक नावानेही तो ओळखता येईल. या विकाराने बोट गमावण्याचा वा जीविताचा धोका उद्‌भवत नाही. तथापि निळे पडलेले बोट हे अवयवाचा रक्तपुरवठा तुटल्याचेही चिन्ह असू शकते. त्यामुळे हा विकार ओळखता न आल्यास रुग्णाच्या वाट्याला अकारण भीती व खर्चिक तपासण्या येतात. उलट, पुरेशी परीक्षा न करता तो गृहीत धरल्यास एखादा गंभीर रोग नजरेआड होतो. एकच लक्षण दाखविणाऱ्या या दोन अवस्था वेगळ्या कशा ओळखाव्यात, हाच या विकारासंबंधीचा मुख्य व्यावहारिक प्रश्न आहे.

वॉल्टर आखेनबाख या जर्मन वैद्यांनी १९५० नंतरच्या दशकात या विकाराचे तपशीलवार वर्णन केले व त्यावरून त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील वैद्यांनी एकेका वा मोजक्या रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. अशा विखुरलेल्या वर्णनांतूनच या विकाराविषयीची बरीचशी माहिती जमलेली आहे. तो आपोआप बरा होत असल्यामुळे बहुसंख्य रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांच्या बोटाचा रंग तोवर पुष्कळदा उतरलेला असतो. पाठ्यपुस्तकांतही त्याला फारसे स्थान न मिळाल्यामुळे पुष्कळ वैद्यांनाही या विकाराचा परिचय नसतो.

बोटाची रचना : या विकाराची लक्षणे समजण्यासाठी बोटाच्या रचनेची थोडी माहिती आवश्यक आहे. अंगठ्याला दोन व इतर प्रत्येक बोटाला तीन पेरे असतात. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक लहान रोहिणी (शुद्ध रक्त वाहून नेणारी वाहिनी) टोकाकडे जाते. या दोन रोहिण्यांच्या शाखा टोकाशी एकमेकींना मिळतात व तेथे सूक्ष्म वाहिन्यांचे दाट जाळे तयार होते. अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांपैकी मोठ्या नीला बोटाच्या मागील बाजूस असतात, तर तळव्याकडील बाजूच्या नीला बारीक व पातळ भिंतींच्या असतात. तळव्याकडील त्वचेखाली वसा-ऊतकाचा (चरबीयुक्त कोशिकांच्या समूहाचा) मऊ थर असतो. वस्तू घट्ट पकडताना बोटावर येणारा दाब मुख्यतः या थरावर व त्यातील बारीक वाहिन्यांवर पडतो. बोटाची जागा अगदी मर्यादित असल्यामुळे तेथे साचलेले थोडेसे रक्तही ठळकपणे नजरेत भरते व ताण उत्पन्न करून दुखते.

लक्षणे : विकाराचा प्रारंभ आकस्मिक असतो. एखाद्या बोटात, बहुधा तर्जनीत वा मध्यमेत, टोचल्यासारखी, जळजळल्यासारखी वा ठणक लागल्यासारखी तीव्र वेदना होते. बोटात काही तुटले वा फुटले, असेही काही रुग्णांना वाटते. काहींना त्याआधी बोटात मुंग्या, खाज वा बधिरपणा जाणवतो. काहींना मात्र वेदना न होता केवळ रंगातील बदलच प्रथम दिसतो. पुढील काही मिनिटांत तळव्याकडील बाजूस, तळाच्या वा मधल्या पेराशी निळा-जांभळा डाग दिसू लागतो, तो पसरतो आणि बोट सुजून जड होते. सुजेमुळे बोट पूर्णपणे मिटता येत नाही. बोटाचे टोक व नखाखालचा भाग सामान्यतः मोकळा राहतो, ही या विकाराची अत्यंत महत्त्वाची खूण होय. बोट उबदार असते, मनगटातील नाडी नीट लागते आणि नख दाबून सोडल्यास त्याखालचा गुलाबी रंग तत्काळ परत येतो.

वेदना साधारणतः काही मिनिटांत वा तासांत ओसरते. सूज त्यानंतर उतरते आणि रंग काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, नाहीसा होतो. त्वचेखाली साचलेल्या रक्तातील हीमोग्लोबिनाचे विघटन होताना प्रथम हिरवट, मग पिवळसर रंगद्रव्ये तयार होतात. त्यामुळे मुका मार लागलेल्या जागी जशा बदलत्या छटा दिसतात तशा येथेही काही रुग्णांत दिसतात. इतरांत निळसर रंगच हळूहळू फिका होत जातो. बोटावर व्रण, कोथ (ऊतक मृत होऊन सडणे) वा कायमचे व्यंग राहत नाही. त्याच वा दुसऱ्या बोटात असा प्रसंग पुन्हा उद्‌भवणे मात्र सामान्य आहे. दोन प्रसंगांमधील अंतर काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत असू शकते. क्वचित तळहातावर व त्याहून क्वचित पायाच्या बोटांत वा तळपायावर असाच रक्तस्राव होतो.

आढळ : हा विकार मुख्यत्वे मध्यमवयीन व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत आढळतो. पहिला प्रसंग बहुधा पन्नाशीच्या आसपास येतो. तथापि तरुण वयातही तो झालेला आढळला आहे. पुरुषांत त्याचे प्रमाण अल्प आहे. तो अत्यंत दुर्मिळ आहे अशी दीर्घकाळ समजूत होती. तथापि फ्रान्समध्ये सर्वसाधारण लोकसंख्येची पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असा प्रसंग आयुष्यात केव्हातरी अनुभवल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सु. १२ टक्के, तर पुरुषांचे सु. १ टक्का होते. यावरून विकार दुर्मिळ नसून त्याची नोंद दुर्मिळ आहे, असे मानण्यास आधार मिळतो.

कारणे : या विकाराचे निश्चित कारण समजलेले नाही. रक्तात दोष आढळत नाही. बिंबाणूंची (रक्तक्लथनास म्हणजे रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या सूक्ष्म कणांची) संख्या व क्लथनाची क्रिया ही दोन्ही प्राकृत असतात. म्हणून दोष रक्तात नसून वाहिनीच्या भिंतीत असावा, असे मानले जाते. वयपरत्वे वाहिन्यांना आधार देणारे संयोजी ऊतक क्षीण होते व बारीक नीलेची वा केशवाहिनीची भिंत किरकोळ दाबानेही फुटते, ही उपपत्ती सर्वांत संभाव्य वाटते. पुष्कळ रुग्णांना प्रसंगापूर्वी काही विशेष घडल्याचे आठवत नाही. काहींच्या बाबतीत मात्र जड पिशवी बोटांवर पेलणे, घट्ट झाकण फिरविणे, ओले कपडे पिळणे यांसारखे बोटांवर दाब आणणारे काम वा थंडीचा संपर्क निमित्त झाल्याचे दिसते. अशा कामात बोटे वाकलेली असतात आणि भार तळव्याकडील त्वचेवर येतो. रक्तस्रावाची नेहमीची जागाही तीच आहे. परंतु हीच कामे असंख्य लोक रोज करतात व त्यांना काही होत नाही. त्यामुळे श्रम हे निमित्त असू शकते, मूळ कारण नव्हे. स्त्रियांतील अधिक प्रमाणाचा खुलासाही अद्याप झालेला नाही. हा विकार संसर्गजन्य नाही.

निदान : या विकाराचे निदान निश्चित करणारी एकही प्रयोगशालीय तपासणी उपलब्ध नाही. आकस्मिक प्रारंभ, रुग्णाचे वय व लिंग, रक्तस्रावाची ठराविक जागा, मोकळे राहिलेले टोक, प्राकृत नाडी, आपोआप होणारी सुधारणा व पूर्वी येऊन गेलेले तसेच प्रसंग यांच्या एकत्रित विचाराने निदान केले जाते. म्हणून रुग्णाने दिलेली हकीकत येथे तपासणीइतकीच मोलाची ठरते.

साध्या निरीक्षणानेही पुष्कळ माहिती मिळते. त्वचेखाली सांडलेले रक्त वाहिन्यांच्या बाहेर असते. त्यामुळे पारदर्शक काचेने डाग दाबला, तरी त्याचा रंग जात नाही. याउलट, वाहिन्यांतील रक्त मंदावल्यामुळे आलेला निळेपणा दाबल्यावर तात्पुरता नाहीसा होतो. रक्तपुरवठा तुटलेले बोट थंड असते, प्रथम पांढरेफटक दिसते, टोकाकडे अधिक बाधित होते व तेथील संवेदना कमी होते. आखेनबाख लक्षणसमूहात बोट उबदार व टोक गुलाबी असते. गडद वर्णाच्या व्यक्तींत बोटाच्या मागील बाजूवरचा निळेपणा सहज लक्षात येत नाही. अशा वेळी तळव्याकडील फिकट त्वचा व नखाखालचा रंग उजेडात नीट पाहणे आवश्यक असते.

पहिल्याच प्रसंगी वा निदानाविषयी शंका असल्यास रक्तकोशिकांची गणना, बिंबाणूंची संख्या (प्राकृत प्रमाण दर घ. मिमी. रक्तात सु. १·५ ते ४·५ लक्ष) व क्लथनकालाच्या चाचण्या करतात. रोहिण्यांतील प्रवाहाविषयी शंका असल्यास श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनितरंगांचा उपयोग करणारी डॉप्लर तपासणी पुरेशी ठरते. तीत त्वचेला छेद द्यावा लागत नाही. लक्षणे ठराविक असतील, तर रोहिणीत रंगद्रव्य टोचून घ्यावयाचे क्ष-किरण चित्रण, जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) यांची जरुरी नसते. निदान न सुचल्यामुळे काही रुग्णांवर अशा तपासण्या झाल्याचे व त्यांतून काहीही दोष न निघाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहे.

सदृश विकार : बोटांचा रंग बदलणारे इतर अनेक विकार आहेत व त्यांपैकी काहींना तातडीच्या उपचारांची गरज असते.

रेनो रोग : याचे वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यांनी १८६२ साली केले. थंडीने वा भावनिक ताणाने बोटांच्या रोहिण्या आकुंचन पावतात. बोटे प्रथम पांढरी, नंतर निळी व शेवटी लाल होतात. सामान्यतः एकाच वेळी अनेक बोटे बाधित होतात, टोके मोकळी राहत नाहीत आणि ऊब मिळताच काही वेळात रंग पूर्ववत होतो. यात त्वचेखाली रक्त सांडत नाही.

अंतर्कीलन : हृदयात वा मोठ्या रोहिणीत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून बोटाच्या रोहिणीत अडकल्यास बोट अचानक दुखू लागते, थंड पडते व काळे-निळे होते. अनियमित हृदयस्पंदन, संधिवाती ज्वराने बिघडलेली हृदयाची झडप, हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग ही त्याची काही कारणे होत. मोठी रोहिणी बंद झाल्यास अवयव वाचविण्यासाठी काही तासांचाच अवधी असतो.

बर्गर रोग : लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेल्या या रोगात हातापायांच्या लहान व मध्यम वाहिन्यांना शोथ (दाहयुक्त सूज) येऊन त्यांत गुठळ्या होतात. तंबाखूचे सेवन करणाऱ्या तरुण पुरुषांत तो प्रामुख्याने आढळतो व भारतात विडीच्या व्यसनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बोटांची टोके काळी पडणे, तेथे न भरणारे व्रण होणे व चालताना पावलात वा पोटरीत वेदना होणे ही त्याची लक्षणे आहेत. तंबाखू पूर्णपणे सोडल्याखेरीज रोग थांबत नाही.

रक्ताचे विकार : बिंबाणूंची संख्या घटल्यास वा क्लथनक्रिया बिघडल्यास रक्तस्राव केवळ बोटापुरता राहत नाही, हातापायांवर बारीक लाल ठिपके, ठिकठिकाणी काळे-निळे डाग, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, मासिक पाळीत अतिस्राव होणे ही चिन्हे सोबत दिसतात. डेंग्यूचा ज्वर, रक्ताचा कर्करोग, यकृताचे जुनाट रोग व क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही यांत असे घडू शकते. ॲस्पिरीन, क्लोपिडोग्रेल, वॉरफारीन यांसारखी रक्त गोठू न देणारी औषधे आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे यांमुळेही किरकोळ दाबाने डाग पडतात.

गार्डनर-डायमंड लक्षणसमूह : १९५५ साली अमेरिकेत वर्णिलेल्या या विकारातही वेदना होऊन अकारण रक्तस्रावाचे डाग उठतात व तो प्रामुख्याने स्त्रियांतच आढळतो. परंतु हे डाग मोठे असून मांड्या, पोटऱ्या, दंड अशा ठिकाणी येतात आणि मानसिक ताणाशी त्यांचा संबंध पुष्कळदा दिसून येतो.

दुखापत : चिमटल्यामुळे, ठेचेमुळे वा अस्थिभंगामुळे झालेला रक्तस्राव हे सर्वांत साधे कारण होय. रुग्णाला दुखापत आठवत नसेल अथवा भीतीमुळे ती सांगता येत नसेल, अशीही शक्यता असते. त्यासाठी वैद्याने एकांतात व सहानुभूतीने विचारपूस करणे इष्ट असते.

पायाची बोटे : आखेनबाख लक्षणसमूह पायाच्या बोटांत क्वचितच होतो. याउलट, रक्तपुरवठ्याचे गंभीर दोष पायाच्या बोटांतच अधिक आढळतात. म्हणून हाताच्या बोटात जी चिन्हे आश्वासक मानता येतात, तीच पायाच्या बोटात दिसल्यास अधिक सावधगिरीने पाहावी लागतात. पोटातील मोठ्या महारोहिणीच्या भिंतीवरील मेदयुक्त थर फुटून त्याचे सूक्ष्म कण खाली वाहत गेल्यास पायाची एक वा अनेक बोटे निळी व दुखरी होतात. घोट्यापाशी नाडी मात्र लागत असते. त्यामुळे केवळ नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. वॉरफारीन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी पायाची बोटे जांभळी पडल्याची उदाहरणेही आहेत. कडक थंडीत पायाच्या बोटांवर खाजरे, दुखरे लाल-जांभळे फुगवटे येतात. २०२० साली कोविड-१९च्या साथीत असे फुगवटे विशेषतः मुलांत व तरुणांत अनेक देशांत आढळले, परंतु त्यांच्या व साथीच्या नेमक्या संबंधाविषयी तज्ञांत मतभेद आहेत.

मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. टोचलेला काटा, चावलेली वहाण वा ठेच जाणवत नाही आणि रोहिण्याही अरुंद झालेल्या असतात. अशा व्यक्तीचे काळे-निळे पडलेले बोट हा साधा रक्तस्राव आहे असे घरच्या घरी ठरवू नये. वेदना नसणे हे तेथे आश्वासक नव्हे, तर धोक्याचे चिन्ह असू शकते.

उपचार : निदान निश्चित झाल्यानंतर बहुधा औषधाची जरुरी नसते. बोटाला विश्रांती द्यावी व हात काही वेळ उंच धरावा. प्रारंभी कापडात गुंडाळलेला थंड शेक काही मिनिटे दिल्यास ठणका कमी होतो. मात्र रेनो रोग असणाऱ्यांनी तो टाळावा. बर्फ उघड्या त्वचेवर ठेवू नये. वेदना असह्य असल्यास पॅरॅसिटॅमॉल घेता येते. ॲस्पिरीन बिंबाणूंच्या कार्यात अडथळा आणीत असल्यामुळे वेदनाशामक म्हणून ते घेऊ नये. तथापि हृदयविकारासाठी वा पक्षाघात टाळण्यासाठी वैद्याने दिलेले ॲस्पिरीन वा इतर रक्तक्लथनरोधक औषध बोटातील डागाच्या भीतीने परस्पर बंद करणे धोक्याचे आहे; त्याविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. बोट जोराने चोळू नये वा मालिश करू नये. साचलेले रक्त काढण्यासाठी सुई टोचणे वा छेद घेणे निष्कारण असून त्यामुळे जंतुसंसर्ग होण्याचा संभव असतो.

बोट सुजू लागताच अंगठी तत्काळ काढावी. सूज वाढल्यानंतर ती निघत नाही व तिच्या दाबाने रक्ताभिसरणात खरोखरीचा अडथळा येऊ शकतो. पायातील जोडव्यांनाही हाच नियम लागू पडतो. सौभाग्यचिन्ह म्हणून जोडवी वा अंगठी उतरविण्यास काही स्त्रिया कचरतात. अशा वेळी सूज उतरेपर्यंत अलंकार दुसऱ्या निरोगी बोटात घालणे हा सोयीचा मार्ग होय.

दैनंदिन जीवन : या विकारातील सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे त्याची अनिश्चितता. प्रसंग केव्हा येईल हे सांगता येत नाही. स्वयंपाक, लेखन, शिवण, टंकलेखन यांसारखी कामे करताना बोट अचानक दुखून काम थांबवावे लागते. रंगातील बदल इतरांच्याही नजरेत भरतो, चौकशा होतात आणि ‘सर्व तपासण्या ठीक आहेत’ एवढेच उत्तर मिळाल्यास आपल्या तक्रारीवर कोणाचा विश्वास नाही, असे रुग्णाला वाटू लागते. विकाराला नाव आहे, तो इतरांनाही होतो व त्याने बोट जात नाही, ही माहिती मिळाल्यानंतर पुष्कळ रुग्णांची चिंता मोठ्या प्रमाणात दूर होते. त्या दृष्टीने नीट समजावून सांगणे हाच येथे उपचाराचा प्रमुख भाग ठरतो.

प्रसंगांची नोंद ठेवणे उपयुक्त असते. तारीख, बोट, त्यापूर्वी केलेले काम, वेदनेचा व रंगाचा कालावधी आणि घेतलेली औषधे टिपून ठेवावीत. वैद्याकडे पोहोचेपर्यंत डाग नाहीसा होत असल्यामुळे मोबाईलवर नखासह संपूर्ण बोटाचे छायाचित्र घेतल्यास निदानास साह्य होते. या नोंदीवरून एखादे विशिष्ट काम निमित्त होत असल्याचे लक्षात आले, तर त्यात सोयीस्कर बदल करता येतो : पिशवी बोटांवर न लटकविता खांद्यावर वा हातगाडीवर नेणे, पिशवीच्या बंदाखाली जाड फडके धरणे, झाकण उघडण्यासाठी रबराचा तुकडा वापरणे, कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवणे, थंडीत हातमोजे घालणे इत्यादी. निमित्त सापडले नाही, तर मात्र हाताची सर्व कामे सोडून देण्याचे कारण नाही. हालचाल टाळल्याने प्रसंग टळतात असा पुरावा नाही आणि बोटे दीर्घकाळ न वापरल्यास सांधे आखडतात. धूम्रपान व तंबाखू सोडणे हे या विकारासाठी नसले, तरी बोटांच्या सर्वच वाहिन्यांच्या आरोग्यासाठी हितकारक आहे.

निदान एकदा झाल्यानंतरही पुढचा प्रत्येक डाग त्याच विकाराचा असेल असे धरून चालू नये. पुढील परिस्थितीत तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते : बोट थंड व पांढरे अथवा काळे पडणे, टोक व नखाखालचा भाग बाधित होणे, स्पर्श न जाणवणे वा बोट हलविता न येणे, वेदना तासागणिक वाढत जाणे, एकाच वेळी अनेक बोटे वा हात-पाय दोन्ही बाधित होणे, ताप येणे, श्वास लागणे वा छातीत धडधडणे, बोटावर व्रण वा फोड येणे. शरीरावर इतरत्र डाग उठणे वा हिरड्या, नाक, लघवी, शौच यांवाटे रक्त जाणे हेही रक्ताच्या तपासणीस पुरेसे कारण होय. लहान मुलांच्या बोटांतील अकारण रक्तस्राव या विकाराने झाला असे मानू नये. त्यांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

फलानुमान : आखेनबाख लक्षणसमूहाचा शेवट सर्वच दृष्टींनी समाधानकारक असतो. प्रत्येक प्रसंग स्वतःच्या मर्यादेत संपतो, वारंवार झालेल्या रक्तस्रावानेही बोटाचे कार्य बिघडत नाही आणि त्यातून पुढे रक्ताचा वा वाहिन्यांचा दुसरा रोग उद्‌भवत नाही. प्रसंग किती काळ येत राहतील हे व्यक्तिपरत्वे बदलते. ते कायमचे थांबविणारे औषध उपलब्ध नाही. तथापि बहुसंख्य रुग्णांना त्याची गरजही भासत नाही. विकाराची खूण ओळखणे व धोक्याची चिन्हे ध्यानात ठेवणे एवढ्यावर रुग्णाला आपले नित्याचे जीवन निर्वेधपणे चालविता येते.